मिसळणे सोपे, निवडणे अवघड

शाळेच्या विज्ञानात मिश्रणाचे घटक वेगळे करण्याचा एक प्रयोग असतो. मीठ, वाळू आणि लोहकीस एकत्र करायचे आणि मुलांना सांगायचे, की आता हे तिन्ही पदार्थ पुन्हा वेगळे करून दाखवा. लोहचुंबक फिरवला की लोहकीस निघतो. उरलेल्यात पाणी घालून गाळले की वाळू मागे राहते. गाळलेले पाणी आटवले की मीठ मिळते. प्रयोग सहसा बिनचूक होतो आणि मुलांना आवडतोही. पण त्यातली एक गोष्ट आपण मुलांच्या लक्षात आणून देतोच असे नाही. तिन्ही पदार्थ एकत्र करायला दहा सेकंद लागले. वेगळे करायला मात्र पूर्ण तास गेला, शिवाय चुंबक, गाळणकागद, दिवा आणि दिव्यातले इंधन लागले.

घरच्या कचऱ्याचा प्रश्न मुळात हाच आहे. कचरा नावाचा कोणताही पदार्थ निसर्गात नाही. कागद, काच, लोखंड, चिंध्या, हाडे, राख, भाजीची देठे हे सगळे पदार्थ आहेत आणि वेगवेगळे असताना त्यांतल्या प्रत्येकाला गिऱ्हाईक मिळते. ते एका डब्यात पडले, की त्यांना आपण कचरा म्हणतो. तेव्हा कचरा ही पदार्थाची एक अवस्था आहे, मिसळलेली अवस्था. त्यातून पुन्हा पदार्थ मिळवायचे, तर कोणाला तरी बसून निवडावे लागते, जसे आपण तांदूळ निवडतो तसे. हे निवडण्याचे काम कोणी करायचे आणि त्याचे मोल कोणी द्यायचे, हा प्रश्न शहरांपुढे गेली दोनशे वर्षे तरी उभा आहे. त्याची उत्तरे कशी दिली गेली, ती का टिकली आणि का मोडली, हे या लेखात पाहायचे आहे.

राखेचे शहर

आपण सर्रास वापरतो तो 'डस्टबिन' हा शब्द घ्या. 'डस्ट' म्हणजे धूळ. मग धुळीसाठी डबा कशाला? एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये 'डस्ट' म्हणजे मुख्यतः चुलीतली आणि शेगडीतली राख. १८०१ मध्ये सुमारे १० लाख लोकवस्तीचे हे शहर १८५१ पर्यंत २३ लाखांच्या पुढे गेले होते. घरोघरी ऊब आणि स्वयंपाक यांसाठी दगडी कोळसा जळत असे. हेन्री मेह्यू या पत्रकाराने १८५० च्या सुमारास लंडनच्या श्रमिकांची बारकाईने पाहणी केली. त्याच्या अंदाजाप्रमाणे शहरात वर्षाला सुमारे ३५ लाख टन कोळसा जळे आणि सुमारे ९ लाख टन 'डस्ट' घराघरांतून उचलली जाई. म्हणजे दिवसाला जवळजवळ अडीच हजार टन.

या दोन आकड्यांचे गुणोत्तर लावून पाहा. उचललेली राख जाळलेल्या कोळशाच्या पावपट भरते. चांगल्या कोळशात प्रत्यक्ष राखेचे प्रमाण याहून बरेच कमी असते. या ढिगात घरातला इतर केरही होता हे धरले, तरी त्या उघड्या शेगड्यांमध्ये कोळसा पुरता जळत नसे, हे उघड आहे. राखेबरोबर अर्धवट जळालेले तुकडे मोठ्या प्रमाणावर बाहेर पडत. म्हणजे हा 'कचरा' काही अंशी इंधनच होता. पुढची सगळी गोष्ट या अर्धवट जळालेल्या कोळशावर उभी आहे.

लंडनचा कारभार तेव्हा 'पॅरिश' नावाच्या छोट्या छोट्या स्थानिक विभागांकडे होता. प्रत्येक विभाग राख उचलण्याचा मक्ता देई. आज नगरपालिका कचरा उचलणाऱ्या ठेकेदाराला पैसे देते. तेव्हा बराच काळ उलटे होते. राख उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून मक्तेदारच विभागाला पैसे मोजत असे. घरोघरची राख गाड्यांत भरून तो आपल्या आवारात आणी आणि तिथे तिचे डोंगर रचले जात. चार्ल्स डिकन्सच्या 'अवर म्युच्युअल फ्रेंड' (१८६४-६५) या कादंबरीत वारसाहक्काची सगळी भांडणे अशाच राखेच्या ढिगांवरून होतात. वाचकाला त्यात नवल वाटले नसणार, कारण राखेवर गबर झालेली माणसे लंडनमध्ये खरोखरच होती.

ढिगातून काय काय निघे

मेह्यूने या ढिगातून निघणाऱ्या मालाची आणि त्याच्या गिऱ्हाइकांची यादी दिली आहे. रसायनशास्त्र शिकवणाऱ्याने ती जरूर पाहावी अशी आहे.

सर्वांत मोठा वाटा बारीक राखेचा. ती वीटवाले आणि शेतकरी घेत. अर्धवट जळालेले कोळशाचे तुकडेही वीटवालेच घेत. चिंध्या, हाडे आणि जुनी धातूची भांडी भंगारवाल्यांकडे जात. चिंध्यांचा कागद होई, तर हाडांपासून सरस आणि खत होई. फुटक्या विटा आणि कालवांचे शिंपले पायात आणि रस्त्यात भरायला उपयोगी पडत. जुन्या पत्र्याच्या पट्ट्या ट्रंकांच्या कोपऱ्यांना लावत. उरलेल्या लोखंडी पत्र्यापासून हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, तयार करत. आणि जुने बूट? ते 'प्रशियन ब्लू' हा निळा रंग बनवणाऱ्या कारखान्यांत जात.

बुटापासून रंग कसा होतो? चामड्यात नायट्रोजन आणि कार्बन दोन्ही असतात. चामडे, शिंगे, वाळलेले रक्त असे प्राणिज पदार्थ पोटॅश आणि लोखंड यांच्याबरोबर खूप तापवले, की पोटॅशियम फेरोसायनाइड मिळते. त्यात लोहाचा क्षार घातला आणि हवेने ऑक्सिडीकरण होऊ दिले, की गडद निळा रंग तयार होतो. लोहाचा हा क्षार म्हणजे अनेकदा हिराकसच. म्हणजे टाकलेला बूट आणि टाकलेला पत्रा एकाच ढिगातून निघून दोन वाटांनी एकाच रंगाच्या कारखान्यात पोचू शकत होते.

आता विटांकडे वळू. लंडन परिसरातल्या पिवळसर विटांसाठी वीटवाले मातीत खडू आणि चाळलेली राख मिसळत. राखेतले न जळालेले कार्बनचे कण भट्टीत विटेच्या आतच पेट घेत. त्यामुळे वीट बाहेरून आणि आतून एकाच वेळी भाजली जाई आणि इंधन वाचे. शिवाय राखेमुळे चिकणमाती सुकताना कमी आकसे आणि तडे कमी पडत. भट्टा रचताना विटांच्या थरांमध्ये कोळशाचे ते अर्धवट जळालेले तुकडे पसरत. आपल्याकडचे वीटवाले मातीत भाताचे तूस किंवा राख मिसळतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. औष्णिक वीजकेंद्रांच्या आसपासच्या वीटभट्ट्यांना राख वापरणे सक्तीचे करणारी अधिसूचना भारत सरकारने १९९९ मध्ये काढली. लंडनमध्ये अशा सक्तीची गरज पडली नव्हती. शहर वाढत होते, घरे बांधली जात होती, विटा लागत होत्या आणि विटांना राख लागत होती. घरातली राख पुन्हा घराच्या भिंतीत जात होती.

चाळणीमागचे हात

पण शेगडीतली राख आणि भिंतीतली वीट यांच्यामध्ये एक पायरी होती. ढीग चाळावा लागे आणि निवडावा लागे. हे काम मुख्यतः बायका करत. एक जण फावड्याने चाळणीत माल टाकी. चामड्याचा जाड अप्रन बांधलेली बाई लोखंडी चाळणी हलवी. बारीक राख खाली पडे. चाळणीत उरलेल्यातून ती हाताने कोळसा, हाडे, चिंध्या, काच, धातू वेगळे करी आणि ज्याच्या त्याच्या टोपलीत टाकी. ती टोपली नेऊन ओतायला अनेकदा तिचीच मुले असत. दिवसभर उघड्यावर, राखेच्या धुरळ्यात हे काम चाले. मजुरी थोडी असे. मक्तेदार श्रीमंत झाले, चाळणाऱ्या बायका झाल्या नाहीत.

इथे थोडे पदार्थविज्ञान आणू या. मिसळलेले वेगळे करायला ऊर्जा लागते हे खरे. पण ऊष्मागतिकीप्रमाणे हिशेब केला, तर हाताच्या आकाराचे तुकडे वेगळे करायला लागणारी किमान ऊर्जा नगण्य निघते. हाड उचलून टोपलीत टाकायला कितीशी ऊर्जा लागणार? खरा खर्च ऊर्जेचा नाही, ओळखण्याचा आहे. हे हाड, ही काच, हे पितळ, हे लोखंड असा निर्णय प्रत्येक तुकड्यागणिक घ्यावा लागतो. चाळणी आकार ओळखते, चुंबक लोखंड ओळखतो. बाकी सगळे डोळ्यांनी आणि बोटांनी ओळखावे लागते. म्हणून चाळणाऱ्या बाईचे काम 'अकुशल' म्हणणे चूक आहे. तिच्याजवळ पदार्थांचे ज्ञान होते. फक्त त्याची किंमत कोणी केली नव्हती.

लंडनची व्यवस्था चालली त्याची दोन कारणे होती. एक, कचऱ्याचा मोठा भाग एकाच प्रकारचा होता आणि तो कोरडा होता, त्यामुळे चाळणी पुरत होती. दोन, त्या एका मोठ्या भागाला मोठे आणि जवळचे गिऱ्हाईक होते. यांतले एक कारण गेले असते तरी डोलारा हलला असता. प्रत्यक्षात दोन्ही गेली.

भाव का पडला

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनच राखेचा भाव डळमळू लागला होता. राखेचा पुरवठा शहराच्या वाढीबरोबर दरवर्षी वाढतच होता. बांधकाम मात्र कधी तेजीत तर कधी मंदीत असे. मंदीत मक्तेदार विभागाला पैसे देईनात. उलट राख उचलायचे पैसे मागू लागले. रेल्वे आल्यावर दूरच्या विटा लंडनमध्ये येऊ लागल्या. १८८० च्या दशकात पीटरबरोजवळच्या फ्लेटन या गावी एका विशिष्ट चिकणमातीपासून विटा बनू लागल्या. या मातीत लक्षावधी वर्षांपूर्वीच्या सागरी जीवांचे कार्बनयुक्त अवशेष मुळातच होते. भट्टीला लागणाऱ्या इंधनाचा मोठा भाग ही माती स्वतःच पुरवी. तिला लंडनच्या राखेची गरज नव्हती. ज्या गुणासाठी राख विकली जात होती, तोच गुण निसर्गाने मातीत घालून ठेवला होता!

दुसऱ्या बाजूने आरोग्याचा प्रश्न तीव्र झाला. वस्तीत असे ढीग नकोत, असे लोक म्हणू लागले आणि ते योग्यच होते. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर ब्रिटनमध्ये घरचा केर वेळच्या वेळी दूर करणे ही स्थानिक संस्थांची जबाबदारी होत गेली. १८७४ मध्ये नॉटिंगहॅमला कचरा जाळण्याची खास भट्टी उभी राहिली होती. तिचे इंग्रजी नाव 'डिस्ट्रक्टर', म्हणजे नष्ट करणारी. नावातच बदललेला दृष्टिकोन दिसतो. आधीच्या पिढीने ज्याचा मक्ता पैसे देऊन घेतला, ते आता नष्ट करायचे होते. चाळणाऱ्या बायकांचे पुढे काय झाले, याची नोंद कोणी फारशी ठेवली नाही.

पॅरिसचे तीन डबे

पॅरिसमध्ये हे निवडण्याचे काम एका मोठ्या स्वतंत्र वर्गाकडे होते. त्यांना 'शिफोनिए' म्हणत, म्हणजे चिंध्या वेचणारे. पाठीवर टोपली, एका हातात कंदील, दुसऱ्या हातात आकडा. लोक रात्री घरचा केर रस्त्यावर ओतत आणि पहाटे सरकारी गाड्या येण्याआधी हे वेचक त्यातून माल काढून घेत. चिंध्यांना सर्वांत चांगला भाव होता, कारण कागद चिंध्यांपासून होई. हाडांपासून बटणे, सरस आणि साखर शुभ्र करायचा हाडांचा कोळसा मिळे.

पॅरिसचा प्रशासक युजेन पूबेल याने २४ नोव्हेंबर १८८३ रोजी हुकूम काढला. प्रत्येक घरमालकाने झाकणाचे डबे ठेवावेत आणि कचरा रस्त्यावर ओतू नये. एवढेच नव्हे, तर डबे तीन असावेत: एक कुजणाऱ्या कचऱ्यासाठी, एक कागद आणि चिंध्यांसाठी, एक काच, चिनीमातीची खापरे आणि कालवांच्या शिंपल्यांसाठी. १८८४ पासून अंमलबजावणी सुरू झाली. कचरा मुळातच मिसळू द्यायचा नाही, ही कल्पना एका मोठ्या शहराने इतक्या आधी कायद्यात आणली होती.

पण घरमालकांना डब्यांचा खर्च नको होता आणि तीन डब्यांचा व्याप तर मुळीच नको होता. तीन डब्यांचा नियम कागदावरच राहिला. वेचकांचा विरोध वेगळ्या कारणाने होता. झाकणाचा डबा पहाटे थेट गाडीत रिकामा झाला, तर त्यांचे पोटच हिरावले जाणार होते. बराच गदारोळ झाला. अखेर गाडी येण्याआधी कापडावर डबा रिकामा करून निवडण्याची मुभा त्यांना मिळाली. पूबेल याचे नाव मात्र कायमचे राहिले. फ्रेंच भाषेत कचऱ्याच्या डब्याला आजही 'पूबेल' म्हणतात.

वेचकांना खरा फटका दुसरीकडून बसत होता. १८४४ मध्ये जर्मनीत फ्रिडरिश केलर याने लाकूड दगडावर घासून त्याच्या लगद्यापासून कागद करण्याची रीत शोधली होती. पुढच्या काही दशकांत लाकडाचा लगदा चिंध्यांची जागा घेऊ लागला. चिंध्यांचा भाव उतरला. लंडनमध्ये फ्लेटनच्या मातीने जे केले, ते इथे जंगलातल्या लाकडाने केले. कोरा माल स्वस्त झाला, की निवडलेल्या मालाचे गिऱ्हाईक जाते आणि निवडणाऱ्याची मजुरी बुडते.

याचा व्यत्यासही खरा आहे. कोरा माल मिळेनासा झाला, की निवडण्याची आठवण होते. दुसऱ्या महायुद्धात जहाजे बुडू लागली आणि लाकडाचा लगदा, पशुखाद्य, धातू यांची आयात आटली, तेव्हा ब्रिटनमध्ये घरोघर कागद, हाडे, चिंध्या आणि धातू वेगळे ठेवणे सुरू झाले. रस्त्यांवर डुकरांच्या खाद्यासाठी उष्ट्याचे वेगळे डबे आले. १९४२ मध्ये कागद जाळणे किंवा फेकणे हा गुन्हा ठरला. युद्ध संपले, आयात सुरळीत झाली आणि ही शिस्त हळूहळू विरून गेली.

लाकडाची दोन आयुष्ये

टाकाऊ लाकडाची कथा याच सूत्राने चालते. अखंड, न मिसळलेल्या लाकडाचा पुनर्वापर सर्वत्र आणि फार जुन्या काळापासून होत आला आहे. आपल्याकडे जुना वाडा पाडायचा झाला, की सागवानी तुळया, खांब आणि दारे यांना आधी गिऱ्हाईक येते. लंडनमधले 'लिबर्टी' हे प्रसिद्ध दुकान १९२४ मध्ये बांधले, तेव्हा 'हिंदुस्तान' आणि 'इम्प्रेग्नेबल' या मोडीत काढलेल्या दोन युद्धनौकांचे लाकूड वापरले. मुंबईच्या गोदीत १८२१ मध्ये सागवानात बांधलेली 'गँजेस' ही युद्धनौका १९३० मध्ये इंग्लंडात मोडली, तेव्हा तिच्या कप्तानाची खोली एका हॉटेलात नेऊन बसवण्यात आली. सुताराला असे लाकूड पाहताच ओळखता येते. निवडायचा खर्च जवळजवळ नाहीच.

पण खोक्यांच्या फळ्या, मोडकी कपाटे, ढलप्या आणि भुस्सा यांचे काय करायचे? ते पूर्वी चुलीतच जाई. याला उत्तर मिळाले तेही टंचाईतून. १९३० च्या दशकात जर्मनीत माक्स हिमेलहेबर याने लाकडाचे बारीक तुकडे कृत्रिम राळेत मिसळून, तापवून आणि दाबून फळी करण्याची पद्धत विकसित केली. युद्धकाळात, १९४१ च्या सुमारास, ब्रेमेन इथे तिचे उत्पादन सुरू झाले. हाच आपला 'पार्टिकल बोर्ड'. आता लाकूड अखंड असण्याची गरज उरली नाही.

या तंत्राचा टाकाऊ लाकडासाठी सर्वांत मोठा वापर इटलीत झाला. जंगल कमी आणि फर्निचरचा धंदा मोठा, अशी तिथली परिस्थिती. १९९७ च्या कायद्यानंतर लाकडी वेष्टने परत गोळा करण्यासाठी 'रिलेन्यो' ही देशव्यापी संस्था उभी राहिली. फळांची खोकी, माल ठेवायच्या लाकडी पाटा, जुने फर्निचर गोळा होऊन कारखान्यात जाते. तिथे लाकडाचे तुकडे करतात. खिळे चुंबकाने निघतात. तांबे आणि ॲल्युमिनियम यांसारखे चुंबकाला न चिकटणारे धातू बदलत्या चुंबकीय क्षेत्राने बाजूला उडवले जातात. दगड आणि काच वजनातल्या फरकावरून वेगळे होतात. लंडनच्या बाईने बोटांनी जे केले, ते इथे यंत्रांची एक रांग करते.

तरीही यंत्राला सगळेच ओळखता येत नाही. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर कुजू नयेत म्हणून डांबरापासून काढलेल्या क्रिओसोट तेलात भिजवलेले असत. विजेच्या खांबांत कधी तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे क्षार मुरवलेले असत. जुन्या रंगात शिसे असे. असे लाकूड एकदा भुग्यात मिसळले, की ते काढणे अशक्य. म्हणून जर्मनीने २००२ मध्ये टाकाऊ लाकडासाठी वेगळा नियम केला आणि त्याचे चार वर्ग पाडले: नैसर्गिक लाकूड, चिकटवलेले किंवा रंगवलेले लाकूड, पीव्हीसीसारखे थर दिलेले लाकूड, आणि कुजू नये म्हणून रसायने मुरवलेले लाकूड. निवडणे टळले नाही. ते फक्त आणखी बारीक झाले.

आपल्या दारातला प्रश्न

भारतात निवडण्याची परंपरा मोठी आहे. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, रद्दीवाला आणि भंगारवाला यांच्यामुळे पुष्कळसा माल डब्यात पडतच नाही. ओल्या कचऱ्याबाबतही आपल्याकडे महत्त्वाचे काम झाले. इंदूरच्या संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी पालापाचोळा आणि शेण यांपासून शिस्तशीर खत करण्याची पद्धत बसवली. त्यांचे पुस्तक १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि 'इंदूर पद्धत' जगभर पोचली. पण १९७० च्या दशकात मोठ्या शहरांत यांत्रिक खतप्रकल्प उभारले गेले, तेव्हा त्यांत मिसळलेला कचरा ओतला गेला. खतात काचा आणि प्लॅस्टिक येऊ लागले. असे खत शेतकरी का घेईल? त्यांतले बहुतेक प्रकल्प बंद पडले. पद्धतीत दोष नव्हता; निवडण्याची पायरी गाळली होती.

ही पायरी प्रत्यक्षात रस्त्यावरच्या कचरावेचक बायका पार पाडत होत्या आणि त्याबद्दल त्यांना चोर ठरवले जात होते. पुण्यात १९९३ मध्ये बाबा आढाव यांच्या अध्यक्षतेखाली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली. सभासदांत बहुसंख्य दलित समाजातल्या स्त्रिया होत्या. त्यांचे म्हणणे साधे होते: आम्ही काम करतो, त्याला काम म्हणा, आणि कचरा कुंडीत कुजल्यावर उचलायला लावण्यापेक्षा तो दारातच वेगळा करून आमच्या हातात द्या. त्यातून २००८ मध्ये 'स्वच्छ' ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था पुणे महानगरपालिकेशी करार करून काम करू लागली. घरटी शुल्क आणि निवडलेल्या मालाची विक्री असे उत्पन्नाचे दोन मार्ग मिळाले. इतिहासाच्या दृष्टीने याचे महत्त्व मोठे आहे. लंडनच्या चाळणाऱ्या बाईची मजुरी सर्वस्वी मालाच्या भावावर टांगलेली होती. इथे निवडण्याच्या कामाचे स्वतंत्र मोल मिळू लागले. भाव पडला तरी काम पूर्णपणे बुडत नाही.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनी घरोघरी कचऱ्याचे तीन भाग करणे बंधनकारक केले: ओला, सुका आणि घरगुती घातक. पूबेलच्या तीन डब्यांनंतर हे १३२ वर्षांनी झाले. आम्ही राहतो त्या वसाहतीत हे दोन वेगळे डबे आम्ही उत्साहाने सुरू केले. काही आठवड्यांनी एकदा सहज गाडीपाशी उभे राहिलो, तर दोन्ही डबे एकाच हौद्यात रिकामे होताना दिसले. त्या संध्याकाळी निम्म्या घरांनी वेगळा डबा ठेवणे बंद केले. निवडलेले पुन्हा मिसळायला, प्रयोगशाळेत काय आणि रस्त्यावर काय, दहा सेकंदच लागतात. नंतर गाडीत फळी टाकून दोन कप्पे करून घ्यायला आम्हाला अनेक महिने खेपा घालाव्या लागल्या.

आज एक अडचण नवी आहे. लंडनच्या ढिगात वस्तू नुसत्या शेजारी पडल्या होत्या. आजच्या वेफर्सच्या पुडीत प्लॅस्टिकचे थर आणि ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ लेप एकजीव झालेले असतात. हे मिश्रण घरात होत नाही, कारखान्यातून होऊनच येते. कितीही हुशार बोटे असली तरी ते वेगळे करू शकत नाहीत. इथे निवडण्याची जबाबदारी घरावर किंवा वेचकावर टाकून चालणार नाही. ज्याने मिसळले, त्याच्याकडेच ती जायला हवी.

वर्गात करून पाहण्यासारखे

शाळेचा एक दिवसाचा कचरा वर्तमानपत्रावर पसरावा. हातमोजे किंवा चिमटे वापरावेत. काच, ब्लेड, सुया आणि औषधे यांना मुलांनी हात लावू नये. ते शिक्षकांनी आधी बाजूला काढावे. गटागटाने कचऱ्याचे भाग पाडावेत, वजने करावीत आणि निवडायला किती वेळ लागला तेही लिहावे. दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच वेगवेगळे डबे ठेवून हाच प्रयोग पुन्हा करावा आणि दोन्ही दिवसांच्या वेळांची तुलना करावी. आमटी सांडलेला कागद आणि कोरडा कागद यांतला फरक मुलांना इथे न सांगताही कळेल.

मग जवळच्या भंगारवाल्याकडे जावे. तो प्लॅस्टिकचे किती प्रकार करतो, ते कसे ओळखतो, कोणत्या मालाला आज किती भाव आहे आणि गेल्या वर्षी किती होता, हे त्याला विचारावे. तो हाताने वाकवून, आवाज ऐकून, पाण्यात बुडवून ओळखतो, असे मुलांना दिसेल. घनता आणि लवचीकता यांवरचा असा धडा आम्हाला तरी कोणत्याही पुस्तकात मिळालेला नाही.

परत आल्यावर मुलांना एक हिशेब मांडायला सांगावा. आपण निवडलेल्या मालाचे किती पैसे आले असते, आणि निवडायला लागलेल्या वेळाची रोजगाराच्या दराने किती मजुरी झाली असती? बहुधा दुसरा आकडा मोठा येईल. तो फरक आजवर कोण भरत आले, हे मुलांनाच शोधू द्यावे.